भरती, पाखाडी, सडा: कोकणातल्या गावाभोवती धावायची वाट

पुण्यामुंबईच्या रस्त्यावर दहा किलोमीटर तासाभरात करणारा माणूस दापोली-गुहागरकडच्या एखाद्या गावात येतो, मोबाइलवर दहा किलोमीटरचं वर्तुळ आखतो आणि दोन तास उलटले तरी घरी पोचत नाही. दम कमी पडलेला नसतो. त्या दहा किलोमीटरमध्ये पुळण (किनाऱ्याची वाळू), आगरातली बोळ, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), सडा (डोक्यावरचा सपाट कातळ), पाणंद (दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली वाट) आणि खारीचा (खाडीकाठचा) बांध अशा सहा तऱ्हेच्या जमिनी येतात आणि प्रत्येकीवर पाय वेगळा टाकावा लागतो. त्यामुळे इथे वाट आखताना अंतर नंतर बघायचं. कुठली जमीन किती आहे, ती दिवसाच्या कुठल्या वेळी लागणार आणि महिना कुठला चालू आहे, हे आधी.

किनाऱ्यावरच्या गावांची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. समुद्रालगत पुळण, तिच्यामागे नारळी-पोफळीची आगरं, मग घरं, घरांच्या पाठीशी कलमांच्या बागांचा उतार आणि त्याच्या डोक्यावर सपाट कातळाचा सडा. एका अंगाला बहुधा खाडी. चांगलं वर्तुळ आपोआप दिसतं: पुळणीने एका टोकाला जायचं, पाखाडीने वर चढायचं, सड्यावरून दुसऱ्या वाडीच्या डोक्यावर यायचं, तिथून उतरून खाडीच्या बाजूने परत. चढण बऱ्याच गावांत शंभर मीटरच्या आगेमागे भरते. आकडा छोटा वाटतो, पण ती सगळी अर्ध्या-पाऊण किलोमीटरमध्ये उरकलेली असते.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून उपयोगी आहे: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढणीला आणखी एक तास. त्याचा हिशेब उलगडला तर एक मीटर चढण म्हणजे जवळजवळ आठ मीटर सपाटी. हे गुणोत्तर धावणाऱ्यालाही लागू पडतं. बारा किलोमीटरच्या वर्तुळात अडीचशे मीटर चढण असेल, तर ते चौदा किलोमीटर धरा. उताराने मात्र काही परत मिळत नाही. पाखाडी उतरताना तुम्ही सपाटीपेक्षा हळूच असता. कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावायला तर घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते, म्हणून पुळणीवरचे चार किलोमीटर भरतीत सापडले की सहा झाले म्हणून समजा.

तेव्हा आधी भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरावी, आणि नेमकी वेळ हवी असेल तर जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघावं. पण आठवडाभराचं नियोजन करायला कालनिर्णय पुरतं.

आता हा हिशेब सकाळी सहाला निघणाऱ्यासाठी लावून बघा. प्रतिपदेपासून तृतीयेपर्यंत पूर्ण ओहोटी साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान येते. हे दिवस पौर्णिमा-अमावास्येला लागून असल्यामुळे उधाणाचे असतात आणि पाणी सगळ्यांत लांब मागे जातं. म्हणजे पंधरवड्यातून दोन-तीन सकाळी अशा मिळतात की ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा तुमच्यासमोर मोकळा असतो. गुहागरसारखा सहाएक किलोमीटर सलग किनारा याच दिवसांत धावावा. उलट अष्टमी-नवमीला सकाळी भरती असते. भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असल्यामुळे पाणी फार वर चढत नाही, पण जो पट्टा उरतो तो नेमका भुसभुशीत. त्या दिवशी वर्तुळ उलटं फिरवा, आधी सडा आणि मग पुळण, किंवा पुळण सोडूनच द्या.

पुळणीवर दुखतं ते वेगळ्याच कारणाने. वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि तीन-चार किलोमीटरनंतर घोटा आणि गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. शक्य असेल तर जितकं जाल तितकंच त्याच पट्ट्याने परत या, म्हणजे बाजू बदलते. एकाच दिशेने जायचं असेल, तर पाण्याच्या अगदी कडेला राहा. ओहोटीला तिथला उतार सगळ्यांत कमी असतो.

पऱ्या (ओढा) किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथली वाळू वरून घट्ट दिसली तरी पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथे धावत घुसू नका. खाडीचं मुख ओहोटीत उथळ दिसतं म्हणून ओलांडायचा मोह होतो, पण ओढ असते आणि पाणी परत फिरलं की पलीकडे अडकून पडता. माणसं पलीकडे नेणारी होडी (तिला 'तर' म्हणतात) किंवा फेरीबोट असेल तर ती, नाहीतर साकवापर्यंत (छोट्या पुलापर्यंत) वळसा. किनाऱ्याच्या टोकांना असलेल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा बुटाचं कापडही फाडतात, तळहाताचं तर विचारूच नका. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी तर धावण्याचा विषयच नाही. भरतीच्या वेळी त्या कपारीत लाट शिरून पाणी उंच उसळतं. ते बघायचं ते लांबून, थांबून.

हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास, वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात. म्हणजे ओल्या पट्ट्यावर धावणाऱ्याची आणि घरट्याची गाठ पडत नाही. अंधारात डोक्यावरची बॅटरी लावून मात्र तिथे धावू नये, कासवीण उजेडाने बिचकते आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराच्या समुद्राकडच्या बाजूने जायचं नाही. जमिनीच्या बाजूने, ओढणाऱ्यांच्या पाठीमागून वळसा घ्यायचा. ताणलेल्या दोरावरून उडी मारणं हा शुद्ध आगाऊपणा.

पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, आणि त्यात दोन पायऱ्या एका उंचीच्या सापडणं कठीण. वर जाताना धावूच नका. हात मांड्यांवर ठेवून, कंबरेतून किंचित वाकून भराभर चालणारा माणूस धावणाऱ्याच्या बरोबरीने वर पोचतो आणि सड्यावर गेल्यावर त्याच्यात धावायची ताकद उरलेली असते. उतरताना पाऊल पायरीच्या मधोमध टाकायचं. कडा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने गोल झालेल्या असतात आणि टाच तिथूनच निसटते. पावलं छोटी आणि जलद, नजर तीन पायऱ्या पुढे. सावलीतल्या पाखाडीवर जूनपासून थेट दिवाळीपर्यंत शेवाळ असतं. अलीकडे बऱ्याच ठिकाणी चिऱ्यांवर सिमेंटचा गुळगुळीत थर ओतला आहे. तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कोरड्यात बरा पडत असेल, पण पावसात जुना खरबरीत जांभा त्याच्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. मार्च ते मे या काळात काजूच्या बागेतून जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या बोंडूंचा चिखल होतो. दिसायला निरुपद्रवी, पण पाय सरकतो तो सरळ समोर.

सडा हे कोकणातल्या धावण्याचं खरं मैदान. उघडा, सपाट, वाऱ्याचा, खाली समुद्र दिसणारा. फसवणाराही तोच. कोरडा जांभा खरखरीत आणि सच्छिद्र असल्यामुळे पकड उत्तम देतो. पावसात त्यावर शेवाळाचा पातळ काळपट थर धरतो आणि पाण्याचा पातळ ओघळ वाहतो तिथे तो थर सगळ्यांत निसरडा असतो. रंग बघून पाय टाकायला शिकावं लागतं: तांबूस, कोरडा दिसणारा दगड चालेल, काळा चकाकणारा टाळायचा. टाळता येत नसेल तर पूर्ण तळवा एकदम सपाट टेकवायचा, टाचेवर उतरायचं नाही. पाऊस थांबून चार-पाच दिवस कडक ऊन पडलं की पकड परत येते.

पण तोवर गवत कमरेला आलेलं असतं. कातळाला नैसर्गिक खळगे असतात, कुठे वीतभर, कुठे गुडघाभर, आणि ऑक्टोबरात त्यांतला एकही दिसत नाही. घोटा मुरगळण्याचा हंगाम हाच. गुरांची रुळलेली वाट सोडून सरळ रेषेत जायचा मोह या महिन्यात तरी आवरावा. गुरं खळगे टाळूनच चालतात आणि त्यांनी पाडलेली वाट वाकडी असली तरी तिला कारण असतं.

चिरेखाणी हा त्याहून गंभीर प्रकार. घराचे चिरे सड्यातूनच कापतात, त्यामुळे सपाट जमिनीत अचानक काटकोनात कापलेला खड्डा येतो. भिंती उभ्या, कठडा बहुतेकदा नाही, पावसात तळाशी पाणी. सोडून दिलेल्या खाणीच्या कडेने झुडपं वाढतात आणि खड्डा लपतो. उपग्रहाच्या चित्रात त्या तांबड्या चौकोनांसारख्या स्पष्ट ओळखू येतात, तेव्हा घरी बसून वाट आखतानाच त्या टिपून ठेवा. ते चित्र मात्र दोन-तीन वर्षांपूर्वीचं असू शकतं आणि तेवढ्यात जुन्या वाटेवरच नवी खाण उघडलेली असू शकते. म्हणून अनोळखी सड्यावर पहिली फेरी उजेडात आणि चालत. धुक्यात किंवा तिन्हीसांजेला नाही.

राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर आणखी एक भान हवं. उक्षी, जांभरूण, काशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण ज्यांच्याभोवती चिऱ्यांचा गडगा नाही अशी शिल्पंही पुष्कळ आहेत. पायाखाली कोरलेली रेघ दिसली तर बाजूला व्हा. श्रावण-भाद्रपदात खळग्यांतल्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलतो. ती माती बुटाने एकदा खरवडली की तिथे पुन्हा साठायला फार काळ लागतो. उन्हाळ्यात टिटवी उघड्या कातळावरच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर घरटं जवळ आहे, आल्या वाटेने मागे फिरा.

सड्यावर सावली नसते. हिवाळ्यातही साडेनऊनंतर कातळ तापू लागतो, मार्चपासून तर साडेआठलाच खाली उतरलेलं बरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि अशा दिवशी किनाऱ्यावरचा पारा एकदम चढतो. सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहत राहिली, समुद्र काचेसारखा दिसला, तर त्या दिवशी सड्याचा टप्पा कमी करा.

एरवी अडचण तापमानापेक्षा दमटपणाची असते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे त्याच वेगाला नाडी घाटावरच्यापेक्षा वर राहते. वेग घड्याळावर न मोजता श्वासावर ठेवा: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी जवळ हवं, कारण सड्यावर नळ नाही आणि पावसाळ्यानंतर पऱ्ये लवकर आटतात. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी सुरू होते. ओआरएसचं एक पाकीट एका लिटरमध्येच घालायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर पोट बिघडतं. पॅकिंगच्या गोड पेयांपेक्षा कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस) चांगलं: अर्ध्या लिटरला दोन चमचे आणि साखर चवीपुरती. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका.

आता वाटांच्या मालकीचं. इंग्लंडातल्या खेड्यांभोवती धावणाऱ्याला ही चैन आहे की तिथल्या पायवाटा कायद्याने नोंदलेल्या असतात, ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी छापलेल्या असतात, शेताच्या कुंपणाला ओलांडायची पायरी असते आणि खांबावर पिवळा बाण. आपल्याकडे गावनकाशात एका तुटक रेषेने पायवाट दाखवतात, सव्वाआठ फूट रुंदीची, आणि दुहेरी तुटक रेषेने गाडीवाट. गावनकाशे महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर बघता येतात, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशेही उतरवून घेता येतात. पण त्यांत समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे छोटी खडी पाखाडी त्यात हरवते. शिवाय कागदावरची सव्वाआठ फुटी वाट प्रत्यक्षात करवंदीच्या जाळीने बुजलेली असते, आणि लोक जी रोज वापरतात ती कुठल्याच नकाशात नसते.

त्यामुळे विचारायचं. "काका, ही पाखाडी सड्यावर निघते का?" "निघते की. पन वायच पुढं बेडं लागंल, ता परत लावा हां." एवढ्या संभाषणात वाटही कळते आणि परवानगीही मिळते. बेडं म्हणजे कुंपणातलं बांबूंचं फाटक; त्याचे आडवे बांबू जेवढे काढले तेवढे, त्याच खोबणीत परत सरकवायचे, मागून कोणी येताना दिसलं तरी. उघड्या बेड्यातून गुरं भाजीच्या मळ्यात शिरली की त्या वाटेने पुढच्या धावणाऱ्याला कोणी सोडत नाही. अंतराचा प्रश्न मात्र विचारू नका. "ह्ये काय, हितंच" हे अंतर दोनशे मीटरपासून तीन किलोमीटरपर्यंत काहीही असतं.

पाणंदीत दोन्ही बाजूंना गडगे आणि मध्ये चार-सहा फुटांची वाट. पावसात तोच पाण्याचा मार्ग, म्हणून तळाला सुटे गोटे आणि गडग्यातून ढासळलेले चिरे. गुरं समोरून आली तर गडग्याला टेकून उभं राहा आणि त्यांना जाऊ द्या. धावत राहिलात तर ती उलटी फिरतात आणि गुराख्याची सकाळ वाया जाते. आंब्याच्या बागेतून जाणारी वाट मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत वर्ज्य समजा. फवारणी चालू असते, राखणदार असतो, त्याचे कुत्रे असतात. खाली पडलेला हापूस उचलणं ही चोरीच. बागांच्या कुंपणाला रानडुकरांसाठी तारेच्या फासक्याही लावलेल्या सापडतात, त्यामुळे कुंपणाच्या फटीतून घुसायचं नाही.

भातशेतीच्या बांधावर पावसाळ्यात पाय ठेवू नये. बांध मऊ असतो, खचला की कुणग्यातलं (खाचरातलं) पाणी निघून जातं. कापणीनंतर चालेल, पण खेकड्यांची बिळं बघून. खाडीकाठचे खारबंदिस्तीचे बांध मात्र हिवाळ्यात उत्तम: सपाट, रुंद, पक्ष्यांनी भरलेले. उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराच्या, झडपांपाशी वाट तुटते, तिथे चालत जा.

बूट तीन-चार मिलिमीटर दातऱ्यांचे पुरतात. चिखलासाठीचे सहा मिलिमीटरचे दातरे सड्यावर टेकायला जागाच मिळत नाही म्हणून घसरतात, आणि जांभा ते कानशीसारखे घासून काढतो. रबर मऊ हवं, तळाला दगड न टोचेल इतकी जाडी हवी. मोजे पोटरीपर्यंत आणि गुळगुळीत विणीचे, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर सड्यावरच्या गवताची कुसळं लोकरी किंवा सैल विणीत घुसली की प्रत्येक पावलाला टोचतात आणि धुऊनही निघत नाहीत. घरी आल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा. जाळीत राहिलेली खारी वाळू शिवण कापते.

झाडीतल्या वाटेवर तोंडाच्या उंचीला ओंबिलांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) पानांची घरटी असतात, आणि हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा. कुसं लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उपटायची. फुरसं हा सड्याचा आणि गडग्यांचा रहिवासी आहे, जेमतेम हातभर, मातीच्या रंगाचं. दगडावर बसण्याआधी बघा, चिरा उचलू नका, त्याखाली विंचूही असतो. साप चावला तर पाय हलवायचा नाही, आवळून बांधायचा नाही, कापायचा नाही. १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जायचं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. फोनची रेंज सड्यावर सहसा मिळते, खाडीच्या कोंडात नाही. तुम्ही कुठल्या वाटेने जाणार हे घरी सांगून निघा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर शेताच्या साचलेल्या पाण्यातून धावला असाल, तर लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं, लक्षात ठेवा. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू पायावरच्या ओरखड्यातून शिरतात. करवंदीचे ओरखडे निघण्याआधी झाका, आल्यावर साबणाने धुवा. पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत ठणका सुरू झाला, तर तो धावण्याचा थकवा समजून घरी पडून राहू नका. डॉक्टरकडे जा आणि आपण होऊन सांगा की भातशेतातून गेलो होतो.